सोडलेला मासा, मारलेला मासा

अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावर लुडिंग्टन बंदर आहे. ऐन उन्हाळ्यात तिथून बोटी निघतात त्या उजाडायच्या आधीच. दीपगृह मागे पडलं की वेग ताशी चारेक किलोमीटरवर आणायचा आणि पाण्यातून गळ ओढत सावकाश फिरत राहायचं. यालाच ट्रोलिंग म्हणतात. चरखीवरच्या तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा लटकवून खोल सोडतात आणि गळाची दोरी चिमट्याने त्या तारेत अडकवतात. गळाला लावलेला, अंधारात चमकणारा पत्रा सॅमनने तोंडात धरला की चिमटा सुटतो, वाकलेली काठी ताडकन सरळ होते आणि रिळावरची दोरी सरसर धावू लागते. मोठा चिनूक सॅमन बराच वेळ झुंजतो. मग जाळं, मग डोक्यावर दांडक्याचा घाव.

हौसेखातर असा जीव घ्यावा का? जैन विचाराने हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. रांधताना, पोटापाण्याचा व्यवसाय करताना, स्वतःचं रक्षण करताना होणारी हिंसा गृहस्थाला पुरती टळत नाही. ठरवून केलेली संकल्पी हिंसा मात्र त्यानेही सोडायची. सकाळी मजेसाठी टाकलेला गळ सरळ याच प्रकारात मोडतो. शिवाय 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा टिपणारे चेतातंतू असल्याचं दाखवून दिलं. वाद अजून मिटलेला नसला, तरी ‘माशाला काय कळतंय’ असं म्हणून मोकळं होणं आता कठीण आहे.

पण या सरोवरात निवाडा एवढ्यावर थांबत नाही, कारण सॅमन इथला नव्हेच.

नायगारा धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याने समुद्राकडून येणाऱ्या जीवांना वरच्या सरोवरांची वाट मोकळी करून दिली. रक्त शोषणारा लॅम्प्री 1936 मध्ये मिशिगन सरोवरात सापडला. तो आणि बेसुमार मासेमारी यांनी मिळून इथला मूळचा लेक ट्राउट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपवला. खाणाराच उरला नाही, तेव्हा बाहेरून आलेला एलवाइफ हा छोटा मासा बेफाम वाढला. 1967 च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्यावरून यंत्रांनी उपसावे लागले. त्याआधीच, 1966 मध्ये, मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागातल्या हॉवर्ड टॅनर आणि वेन टोडी यांच्या पुढाकाराने ओरेगनहून आणलेल्या अंड्यांतून वाढवलेले कोहो सॅमन नद्यांत सोडले गेले होते. पाठोपाठ चिनूक आले. सॅमनने एलवाइफ खावा आणि माणसाने सॅमन धरावा, असा हा बेत होता.

म्हणजे इथे भक्षक माणसानेच आणून सोडला. आता आपण गळ टाकला नाही म्हणून हात स्वच्छ राहिले, असं म्हणता येईल का?

महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो, की नांगरातही असंख्य जीव मरतात. हिंसेपासून पूर्ण अलिप्त कुणीच नसतो, हे त्याचं म्हणणं या सरोवराला चपखल बसतं. कसं, ते शेजारच्या ह्युरॉन सरोवरात दिसलं. तिथे 2000 नंतरच्या काही वर्षांत एलवाइफ कोसळला. अन्न पुरवणारं तरंगतं सूक्ष्म जीवन क्वागा शिंपल्यांनी गाळून टाकलं होतं आणि वरून सॅमनची भूक होतीच. पुढे चिनूकही उपासमारीने रोडावला. हे पाहूनच 2013 मध्ये मिशिगन सरोवरात सोडायच्या चिनूक पिलांची संख्या जवळपास निम्म्यावर आणली गेली.

तरीही धर्मव्याधाच्या आधाराने मजेची सुटका होत नाही. तो स्वतः प्राणी मारत नव्हता; दुसऱ्यांनी मारलेल्यांचं मांस विकत होता आणि तेही आपलं दुष्कर्मच आहे, हे मान्य करत होता. सरोवराचा तोल राखायला काही सॅमन धरले जाणं गरजेचं असेलही, पण त्या गरजेतून झुंज लांबवण्याचा हक्क मिळत नाही. फोटो काढून मासा परत सोडण्यातली दयाही तपासून घ्यावी लागते. थंड, खोल पाण्यातून उन्हाळ्यातल्या कोमट पृष्ठभागावर ओढलेला, दमलेला सॅमन सोडल्यावरही बऱ्याचदा मरतो. झटपट वर घ्यावा, झटपट मारावा, घरी शिजवून खावा आणि खाण्यापुरते मिळाले की गळ गुंडाळावेत, एवढं तरी बोटीवरच्या माणसाने पाळायलाच हवं.

आणि हिशेब बोटीवरच्या माणसाशी संपत नाही. ह्युरॉनमध्ये एलवाइफ घटल्यावर लेक ट्राउट पुन्हा निसर्गतः वाढू लागला. त्याच काळात सॅमनच्या जिवावर उभ्या असलेल्या बंदरांचा धंदा बसला. मिशिगनमध्ये किती पिलं सोडायची हे ठरवणाऱ्यांपुढे आज या दोन्ही गोष्टी आहेत. सॅमनच्या जगण्यामरण्याची पहिली जबाबदारी त्यांच्याकडे जाते, कारण गळ टाकणारा एकेक मासा मारतो आणि ते एका बैठकीत लाखो जिवांचा आकडा ठरवतात.