वर्गणी की ऋण?

मूलच्या किंवा सिंदेवाहीच्या शाळेतून निघून नागपुरात इंजिनिअर झालेला आणि पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागलेला मुलगा आता आपल्याकडे नवलाचा राहिलेला नाही. त्याच्या घरात, किंबहुना महाराष्ट्रातल्या प्रत्येक नोकरदार घरात, दर महिन्याला एकच हिशेब होतो: पगार इतका, त्यातून कर इतका गेला, घराचा हप्ता इतका गेला, उरले काय? वाकड-बाणेरच्या बाजूला फ्लॅट घ्यायला ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे ५२ हजारांचा बसतो. कर्ज फिटेपर्यंत बँकेकडे सव्वा कोटीच्या घरात रक्कम गेलेली असते. लाख-सव्वा लाख पगार असलेला माणूस स्वतःला श्रीमंत का समजत नाही, हे एवढ्यावरून कळते. त्याची ओढाताण खरी आहे. पण तो जे मांडतो ते निव्वळ गणित आहे, असे मानण्यात आपली फसगत होते. मिळकत मुळात सगळी माझी होती, करामुळे ती तुटली आणि घर ही माझ्या कष्टाची कमाई, अशी एक पूर्ण विचारसरणी त्या तीन ओळींच्या वजाबाकीत बसलेली आहे. ती तपासली पाहिजे, कारण मिळकतीवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न हिशेबाच्या वहीतला असण्याआधी धर्माचा आहे.

आपल्या परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच ऋणी असतो असे मांडले आहे: देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि माणसांचा. पहिली तीन ऋणे आपल्याला पाठ असतात, चौथे सहसा विसरले जाते. हे मनुष्यऋण फेडायचे कसे, तर दुसऱ्याला आसरा देऊन आणि अन्न देऊन. म्हणजे निवाऱ्याचा विचार तिथे माझ्या घरापासून सुरू होत नाही, दुसऱ्याच्या घरापासून होतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातली यज्ञशेषाची कल्पना त्याच वळणाची आहे: आधी वाटा निघतो, मग जे उरते ते खाण्यायोग्य होते. बौद्ध परंपरेत गृहस्थाला दिलेला उपदेश याहून व्यवहारी आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक उपभोगाचा, दोन कामधंद्यात घालायचे आणि एक अडीअडचणीसाठी राखायचा. संपत्तीला तिथे पाप म्हटलेले नाही, मात्र ती मिळवण्याच्या मार्गाला सम्यक आजीविकेची अट आहे. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली, तेव्हा याच विचाराचा वारसा आपल्या जिल्ह्याला मिळाला. या सगळ्यांत समान धागा असा की मिळकत ही एकट्याची निर्मिती मानलेली नाही. माणसाने ती मिळवण्याआधीच त्याच्यावर काहीतरी खर्च झालेले असते.

आता कराकडे पाहण्याच्या दोन रीती वेगळ्या करू. एका रीतीत कर ही वर्गणी असते. मी पैसे भरतो, त्याबदल्यात मला रस्ता, पाणी, शाळा मिळते. जे मिळाले ते भरल्यापेक्षा कमी असेल तर माझी फसवणूक झाली. गृहनिर्माण सोसायटीचा मेन्टेनन्स असाच असतो आणि तिथे ते योग्यही आहे. या रीतीचा पुरा विस्तार पाहायचा तर अमेरिकेत पाहावा. तिथे शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून निघतो. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्ससारख्या संपन्न कौंटीत घरे महाग म्हणून कर भरपूर, कर भरपूर म्हणून शाळा उत्तम, आणि शाळा उत्तम म्हणून घरे आणखी महाग. आपली अनेक मराठी कुटुंबे अशा उपनगरांत राहतात आणि घर निवडताना आधी शाळा पाहतात. त्यांना दोष कसा द्यावा? पण त्या चक्राकडे नीट पाहिले की दिसते, तिथे घराच्या किमतीत शेजाऱ्यांची निवड मिसळलेली असते. ज्याला ती किंमत परवडत नाही त्याच्या मुलापर्यंत त्या कराचा लाभ पोहोचणे अवघड होते. गावाभोवतीचा कोट इथे दगडाऐवजी दराने बांधलेला असतो.

दुसऱ्या रीतीत कर हे ऋण असते आणि त्याची फेड ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडे, किंवा ज्याला गरज आहे त्याच्याकडे जाते. ही रीत पुस्तकी नाही. महाराष्ट्राने ती कायद्यात उतरवून दाखवली आहे. पगाराच्या पावतीवर ‘व्यवसाय कर’ म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. बहुतेकांना तो कशासाठी आहे हे ठाऊक नसते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर पसरली. त्यांना पैशाचा कायमचा झरा हवा म्हणून १९७५ मध्ये हा कर आला. करातून जितकी रक्कम येईल तितकीच राज्य सरकारने स्वतःची घालायची, अशी तजवीज होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या योजनेचा पाठपुरावा केला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि २००५ चा देशव्यापी कायदा त्याच वाटेने झाला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून निघालेला रुपया खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या अनोळखी हातांत गेला. कारकुनाला त्याबदल्यात स्वतःच्या दारात काहीच मिळाले नाही. तरीही तो महाराष्ट्राने भरलेल्या सर्वांत चांगल्या करांपैकी एक आहे, असे मी म्हणेन. एक गोष्ट मात्र खटकते. या कराला राज्यघटनेनेच कमाल मर्यादा घातलेली आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती वर्षाला २५० वरून २,५०० रुपयांवर नेली आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. त्यामुळे महिन्याला १५ हजार मिळवणारा दुकानातला नोकर आणि १५ लाख मिळवणारा कंपनीचा प्रमुख, दोघांचे ऋण कागदावर सारखेच भरते.

घराच्या बाबतीत तर हा तराजू आणखी कलतो. गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यात पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी १ लाख ३० हजार रुपये मिळतात, सपाटीवरच्या भागात १ लाख २० हजार. सोबत काही दिवसांची मजुरी आणि संडासाचे पैसे वेगळे; घराचे क्षेत्रफळ किमान २५ चौरस मीटर. ही मदत आयुष्यात एकदा मिळते, हप्त्याहप्त्याने मिळते आणि यादीत नाव लागल्यावर मिळते. याला आपण अनुदान म्हणतो. दुसरीकडे, जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील २ लाखांपर्यंतचे व्याज दर वर्षी उत्पन्नातून वजा करता येते. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा त्यातून उपकरासह ६२,४०० रुपये कर वाचतो. दोन वर्षांत १ लाख २४ हजार ८००. म्हणजे सपाटीवरच्या एका अख्ख्या घरकुलाहून जास्त, आणि कर्ज चालू असेपर्यंत बरीच वर्षे. याला आपण अनुदान म्हणत नाही, सवलत म्हणतो. तिजोरीच्या दृष्टीने न आलेला रुपया आणि दिलेला रुपया यांत फरक नसतो, फरक फक्त आपल्या शब्दांत आहे. घरकुलवाल्याला आपण लाभार्थी ठरवले आणि फ्लॅटवाल्याला करदाता. प्रत्यक्षात घरकुलवालाही करदाता आहे. त्याने घेतलेल्या सिमेंटवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्के झाला. ते सिमेंट पुष्कळदा आपल्याच जिल्ह्यातल्या चुनखडीचे असते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: नव्या करप्रणालीत ही व्याजाची वजावट राहत्या घराला मिळतच नाही, आणि तिकडे लोक वळत आहेत. खरे आहे, आणि ते चांगलेही आहे. पण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही हे ऐकताना जो आनंद झाला, त्यात ‘सुटलो’ ही भावना होती. माझा मुद्दा त्या भावनेशी आहे. दरांची रचना बदलली तरी कर म्हणजे माझ्या ताटातून उचललेला घास, ही समजूत बदललेली नाही.

दुसरा आक्षेप कष्टाचा आहे. रात्री जागून अभ्यास मी केला, नोकरी मी टिकवली, मग ऋण कोणाचे? इथे आपण जिथे उभे आहोत तिथून उत्तर देता येते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे; त्यासाठी जमीन इथली, राख इथली, धूर इथला, आणि वीज राज्याच्या जाळ्यात. ज्या आयटी पार्कमध्ये कष्ट होतात तिथला दिवा या केंद्राशी जोडलेला आहे. फ्लॅटचे म्हणाल तर त्याची किंमत वाढते ती मालकाने भिंती रंगवल्या म्हणून वाढत नाही. रस्ता रुंद झाला, मेट्रो आली, धरणाचे पाणी वळवले, म्हणून वाढते. हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने १८७९ मध्ये हाच प्रश्न उभा केला होता: जमिनीची वाढलेली किंमत समाजाने निर्माण केली, तर ती एकट्याच्या खिशात का जावी? हिंजवडीतल्या माणसाच्या कष्टाचे मोल कमी होत नाही. त्या कष्टाला जे फळ लागले त्यात इतरांचे पाणी आहे, एवढेच.

पाण्याचा शब्द इथे मुद्दाम वापरला. चांद्याच्या गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत होती, तिला तुकूम म्हणत. चंद्रपुरातल्या एका वस्तीच्या नावात तो शब्द अजून जिवंत आहे. जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येणारी जमीन. हक्क मोजायचे माप पाणी होते. जितके गावाला दिलेस तितके तुझे. पुढे मालगुजारी आली, मालगुजार वसुली करू लागले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आज आपण त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव म्हणतो आणि अनेक तलाव गाळाने भरलेले पाहतो. मधल्या काळात तलावाचा मालक बदलत गेला, पण तलावाशी असलेले ऋणाचे नाते सुटले. मूल-सावलीच्या धानाच्या बांध्यांना मात्र अजूनही त्या जुन्या पाळींचेच पाणी लागते. कराकडे वर्गणी म्हणून पाहणारा समाज तलावाचा गाळ काढत नाही, कारण त्याचा हिशेब एका वर्षात जुळत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. भरलेला कर गरजवंतापर्यंत पोहोचतोच कुठे? मध्ये गळती आहे, कमिशन आहे, अर्धवट पडलेली कामे आहेत. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष तपासावा. सावकाराचा मुनीम चोर निघाला म्हणून कर्ज माफ होत नाही. मुनीम बदलावा लागतो. ज्याला कर ऋण वाटते तोच हिशेब मागायला ठामपणे उभा राहतो, कारण त्याला तो पैसा कोणाचा आहे हे माहीत असते. ज्याला तो लुटीसारखा वाटतो तो चुकवण्याच्या वाटा शोधतो, आणि गळती करणाऱ्याला नेमके तेच सोयीचे असते.

आणि एक आक्षेप उलट बाजूने येईल: जंगलातल्या माणसाला थोडके पुरते, शहरवासीयांनी त्याच्यापासून साधेपणा शिकावा. हे कौतुक मी स्वीकारणार नाही. धान निघाले की आपल्या भागातली शेकडो कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, शेताच्या कडेला ताडपत्रीच्या आडोशाला राहतात आणि मुलांची शाळा तेवढे महिने सुटते. त्याला साधी राहणी म्हणणे क्रूर आहे. लादलेली गरिबी म्हणजे अपरिग्रह नाही, आणि गरिबीचा गौरव बाबासाहेबांनी ठामपणे नाकारला होता. सोडायला आधी हातात काही असावे लागते. म्हणून अपरिग्रहाचा उपदेश ज्याच्याकडे दुसरा फ्लॅट आहे त्यालाच शोभतो. ज्याच्याकडे पहिले छप्पर नाही त्याच्याशी आपले नाते ऋणकोचे आहे, गुरूचे नाही.

हे सगळे व्यवहारात येते का, असे विचारणाऱ्याला धानोरा तालुक्यात जाता येईल. मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०१३ मध्ये तिथल्या लोकांनी १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. विनोबांच्या ग्रामदानाची मागणी अशी होती: मालकी गावाची, जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनाला, पिकाचा चाळिसावा हिस्सा गावकोषाला, आणि बाकीची जमीन ज्याची त्याने कसायची. यात कोणी घर सोडत नाही, कोणी संन्यास घेत नाही. फक्त हिशेबाचा क्रम बदलतो. गावाचा वाटा आधी लिहिला जातो, आपले घर त्याखाली.

पुण्यात, ठाण्यात किंवा फेअरफॅक्समध्ये राहणाऱ्याने जमीन ग्रामसभेला द्यावी असे माझे म्हणणे नाही. त्याच्याकडे तशी जमीन नाही आणि तशी ग्रामसभाही नाही. मागणे एवढेच आहे. पुढच्या महिन्यात पगाराची पावती हातात येईल तेव्हा ती वरून खाली वाचताना ‘कापले’ या शब्दाऐवजी ‘फेडले’ हा शब्द मनात आणून पाहावा, आणि व्यवसाय कराच्या त्या २०० रुपयांच्या ओळीवर क्षणभर थांबावे. एका दुष्काळात महाराष्ट्राने अनोळखी माणसाला दिलेला शब्द त्या ओळीत आहे. तो शब्द आजही आपल्याला पाळायचा आहे.