कडी कुठंय?

गेल्या दसऱ्याला भाचीनं इलेक्ट्रिक गाडी घेतली. हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबं ठेवून झाली, पेढे वाटून झाले आणि आईला मानानं मागच्या सीटवर बसवून आम्ही सारसबागेच्या गणपतीला निघालो. पोचल्यावर आई काही उतरेना. दाराच्या आतल्या बाजूवरून तिचा हात वरखाली फिरत होता. "अगं, याची कडी कुठंय?" भाची मागं वळून म्हणाली, "आजी, ते बटण दाब." दार उघडलं. उतरता उतरता आईनं विचारलं, "आणि लाइट गेली तर गं?"

भाचीला सांगता येईना, मलाही येईना. गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढून बसलो. विजेशिवाय मागचं दार उघडायची सोय होती, पण ती एका झाकणाखाली. ते झाकण सापडायला आम्हाला दहा मिनिटं लागली. भरदिवसा, बागेच्या सावलीत, गाडी उभी असताना.

तेव्हापासून आईचा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. जुन्या गाडीच्या दाराचं काम सरळ होतं. हँडल ओढलं, की आतली सळई किंवा तार ओढली जायची आणि खटका सुटायचा. नव्या पुष्कळ गाड्यांत हात आणि खटका यांच्यामध्ये वीज आली आहे. बटण दाबलं की इशारा जातो, मोटर फिरते, मग खटका सुटतो. बाहेरचं हँडल पत्र्यात बेमालूम बसलेलं असतं. ते वर यायलाही वीज लागते. ही वीज गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीची नसते, बहुतेक गाड्यांत ती १२ व्होल्टच्या छोट्या यंत्रणेतून येते. जबर टक्कर झाली की मोठ्या बॅटरीचा प्रवाह आपोआप तोडला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच टकरीत १२ व्होल्टची तार तुटली, तर बाहेरचं हँडल पत्र्यातच राहतं आणि आतलं बटण नुसतं प्लॅस्टिक उरतं.

अशा वेळेसाठी यांत्रिक सोय देतात, हे खरं. ती कुठे देतात, हे पाहण्यासारखं आहे. टेस्लाच्या 'मॉडेल वाय'मध्ये मागच्या दाराची ती तार दाराच्या खणातल्या चटईखाली असते, आणि काही गाड्यांत मागे ती नसतेच. 'मॉडेल एक्स'मध्ये मागच्या दारावरची स्पीकरची जाळी काढून तार ओढावी लागते. धुरानं भरलेल्या गाडीत, उलट्या लटकलेल्या माणसानं जाळी काढायची, ही अपेक्षा कागदावरच पुरी होते.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. इलेक्ट्रिक गाड्या पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा जास्त पेटतात, हा समज चुकीचा आहे. स्वीडनच्या नागरी सुरक्षा यंत्रणेच्या हिशेबात २०२२ साली तिथल्या सुमारे ६ लाख ११ हजार विजेवरच्या आणि प्लग-इन हायब्रिड गाड्यांपैकी २३ पेटल्या. इंधनावरच्या सुमारे ४४ लाख गाड्यांत हा आकडा ३,४०० च्या घरात होता. इंधनाच्या गाड्या सरासरीनं जुन्या असतात, हे धरलं तरी फरक मोठा आहे. हवा स्वच्छ ठेवायची तर या गाड्या आपल्याला हव्यात, मलाही हव्यात. म्हणूनच त्यांची दारं नीट हवीत.

कारण आग क्वचित लागली, तरी तिचा स्वभाव वेगळा असतो. लिथियम-आयन सेल चेपला की आतला पातळ पडदा फाटतो, दोन ध्रुव एकमेकांना भिडतात आणि उष्णता चढू लागते. १३० अंशांच्या आसपास पडदाच वितळायला लागतो. निकेलच्या सेलमध्ये पुढे आतूनच प्राणवायू सुटतो. एक सेल शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. यालाच 'थर्मल रनअवे' म्हणतात. वाळू टाकून ही आग गुदमरत नाही, पाण्याचा मारा करून बॅटरी थंड करत राहावं लागतं, आणि विझलेली गाडी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत लोह-फॉस्फेटचे सेल असतात. ते तुलनेनं शांत, पण जळतच नाहीत असं नाही. बॅटरी असते पायाखाली, आणि तिच्यातून निघणारा धूर विषारी असतो.

२७ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या पिडमाँट गावी एक सायबरट्रक झाडावर आणि भिंतीवर आदळून पेटला. आत चार तरुण मुलं होती. या गाडीला बाहेरून हँडल नाही, बटण आहे. मागून येणाऱ्या मित्रानं झाडाच्या फांदीनं काच फोडून एकाला ओढून काढलं. तिघं गेली. त्यांचा जीव धुरानं आणि आगीनं घेतला. २०२५ च्या १३ ऑक्टोबरला चीनमधल्या छंगतूत शाओमीची गाडी पेटली, तेव्हा रस्त्यावरची माणसं दारं ओढत होती, काचांवर बुक्क्या मारत होती. दार उघडलं नाही. दोन्ही अपघातांत चालकाच्या नशेची चर्चा झाली. अपघात कोणी केला, याचा न्याय वेगळा. अपघातातून वाचलेला माणूस गाडीतच का गुदमरला, याचं उत्तर दार बनवणाऱ्यानं द्यायचं असतं. मागच्या सीटवरच्या पोरांच्या हातात स्टिअरिंग नव्हतं.

हे दुखणं नवं नाही. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात दुपारच्या खेळाला आग लागली. इमारत नवीकोरी होती, 'अग्निरोधक' म्हणून तिची जाहिरात झाली होती. सहाशेच्या वर माणसं मेली, त्यांत बायका-मुलं पुष्कळ. काही दारं पडद्यांआड झाकली होती आणि काहींना युरोपी धाटणीचे खटके होते. ते कसे उघडतात, हे प्रेक्षकांना माहीत नव्हतं. त्या दुर्घटनेनंतर अमेरिकेत दारावरची आडवी दांडी रुजली. गर्दीचा नुसता भार पडला तरी दार बाहेर उघडतं. ती दांडी शिकवावी लागत नाही. घाबरलेला माणूस जे करतो, म्हणजे पुढे ढकलतो, तेच तिला हवं असतं.

आपल्या मातीतही हे शहाणपण आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गड बांधण्याविषयी सांगताना एकच दरवाजा असणं हा मोठा दोष मानला आहे. गड पाहून दोन-तीन दरवाजे करावेत, चोरदिंड्या ठेवाव्यात, असं ते सांगतात. शत्रू आत येऊ नये एवढ्यावर त्यांची दृष्टी थांबत नाही. आतल्यांनी बाहेर कसं पडावं, हेही ते पाहतात. बंदोबस्त या शब्दाच्या या दोन बाजू आहेत, आणि आपल्या रस्त्यांवर दुसरी कायम विसरली जाते. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस डाव्या कुशीवर उलटून पेटली. दार खाली दबलं. २५ जण गेले. जे थोडे वाचले, ते काच फोडून. ती बस डिझेलची होती. इंधन कुठलंही असो, दार उघडलं नाही की शेवट तोच.

चीननं यातून धडा घेतला. तिथल्या नव्या सक्तीच्या नियमानुसार १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलच्या गाडीच्या प्रत्येक दाराला आतून आणि बाहेरून, वीज नसतानाही चालणारी यांत्रिक कडी लागेल. बाहेरच्या हँडलपाशी हात शिरायला किमान ६० बाय २० बाय २५ मिलिमीटर जागा हवी, इथपर्यंत त्यांनी मापं लिहिली आहेत. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेनं सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१ च्या सुमारे १ लाख ७४ हजार 'मॉडेल वाय' गाड्यांची चौकशी सुरू केली. लेकरू आत, आईबाप बाहेर, आणि बाहेरची हँडलं मुकी, अशा तक्रारींवरून.

भारतात विजेच्या गाड्यांच्या बॅटरीचे नियम २०२२ च्या स्कूटरच्या आगींनंतर कडक झाले. त्या वर्षी नाशिकमध्ये एका कंटेनरमधल्या वीस स्कूटर जळाल्या होत्या. दारांबाबत तत्त्व आपण आधीच मान्य केलं आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सेंट्रल लॉक वीज गेल्यावरही हातानं उघडता यायला हवं, असा नियम आहे. तेच तत्त्व हँडलला, आतून आणि बाहेरून, मागच्या दारांनाही लावायचं आहे. बाहेरचं हँडल आपल्याकडे तर जास्तच मोलाचं. अग्निशमन दल पोचेपर्यंत गाडीकडे धावतो तो ढाब्यावरचा पोऱ्या, शेतातला माणूस, टामी घेऊन उतरलेला ट्रकवाला. त्यानं ही गाडी आयुष्यात पाहिलेली नसते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं अशा मदतगाराला संरक्षण दिलं. त्याच्या हाताला धरायला मात्र दारावर काही ठेवलं नाही, तर ते संरक्षण अपुरं आहे.

तोवर आपण काय करावं? गाडी घेताना मायलेजच्या आधी विचारावं, विजेशिवाय चारही दारं कशी उघडतात ते करून दाखवा. काच फोडायच्या हातोडीवरही विसंबू नये. अमेरिकेतल्या 'एएए' या मोटार संघटनेनं २०१९ मध्ये सहा अवजारं तपासली. चारांनी साधी टेम्पर्ड काच फोडली, लॅमिनेटेड काच एकालाही फुटली नाही. आपल्या गाडीची काच कुठली, ते तिच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं.

भाचीनं त्या झाकणावर रेडियमची पट्टी लावली. परवा मी आईला म्हटलं, डोळे मिटून कडी शोध. तिसऱ्या खेपेला सापडली. झाकणही निघालं. पण तार ओढायला तिच्या बोटांत जोर पुरेना. ती हसली नाही, मीही नाही. शिकवून जेवढं होण्यासारखं होतं, तेवढं आम्ही केलं होतं. उरलेलं काम गाडी बनवणाऱ्यांचं आणि नियम लिहिणाऱ्यांचं आहे, आणि ते त्यांनी चौऱ्याहत्तर वर्षांच्या बोटांचं माप घेऊन करावं.