हापूस ही प्रजाती का नाही?

रत्नागिरीजवळच्या पावसच्या पट्ट्यात हापूसच्या बागा आहेत आणि त्यांच्या कडेला, परसात, पऱ्ह्याकाठी रायवळही आहेत. दोन्ही फळे शेजारी ठेवली तर साल, रंग, वास, रेषा, बाठा यांत इतका फरक दिसतो की एखादा परका माणूस त्यांना वेगळ्या प्रजाती समजेल. शाळेत शिकलेला उत्क्रांतीचा सारांशही त्याला दुजोरा देईल: सजीवांमध्ये फरक असतात, सरस ठरणारे टिकतात, आणि असे फरक साचत गेले की नवी प्रजाती होते. पण हा शेवटचा टप्पा वाटतो तितका सरळ नाही, हे हापूसच दाखवून देतो. माणसाने गोडी, गर आणि सुवास पाहून आंब्याची निवड केली. इतकी काटेकोर निवड निसर्गही क्वचितच करतो. तरी हापूस, नीलम आणि रायवळ हे एकाच प्रजातीचे वाण राहिले. त्यांच्यात संकर होतो: वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा वाण तयार केला आणि तो १९८१ मध्ये प्रसारित झाला. बाठा पेरून हापूस मिळत नाही, कलमच बांधावे लागते, याचेही कारण तेच. मोहोरात भोवतालचे परागकण मिसळतात आणि निवडून आणलेले गुण पुढच्या पिढीत पांगतात. म्हणजे निवड रूप घडवते, पण देवघेव चालू असेल तोवर ते रूप वेगळे पडत नाही. नव्या प्रजातीसाठी निवडीबरोबर ताटातूटही लागते.

निसर्गात ही ताटातूट कशी होते, हे पाहायला रत्नागिरीचे कातळसडे हे उत्तम ठिकाण आहे. जांभ्याचे हे सपाट माथे पावसाळ्यात पाण्याने चिंब असतात आणि मे महिन्यात तव्यासारखे तापतात. मधल्या दऱ्याखोऱ्यांत मात्र झाडी, शेती आणि खाड्या. सुट्या दगडांखाली राहणाऱ्या प्राण्यासाठी प्रत्येक सडा जवळजवळ बेटच. १९६३ मध्ये ॲलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण यांनी याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावाहून एका छोट्या पट्टेरी पालीचे वर्णन केले. पुढे २००८ मध्ये वरद गिरी आणि ॲरन बाउर यांनी तिच्या एका नातेवाईक पालीची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद केली. ही साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची. एक किनाऱ्यालगतच्या सखल कातळावर, दुसरी सुमारे हजार मीटर उंचीवर. डोर्ल्याची पाल पूर्वी वेगळ्याच गटात गणली जाई. जनुकीय तुलनेनंतर कळले की घरातल्या भिंतीवरची पाल ज्या गटातली, त्याच गटाच्या या दोन्ही पाली म्हणजे जमिनीवर राहणाऱ्या शाखा आहेत. त्याच सोमणांनी १९६३ मध्येच कोयनेच्या एका भेकाचे वर्णन केले होते. त्याच्या कुशीवर पिवळे ठिपके असतात. २००९ मध्ये आंबोलीहून त्याचा जवळचा नातेवाईक नोंदवला गेला. याच्या कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. सह्याद्रीबाहेर भेकांचा हा गट कुठेही नाही. एकच वंश दुभंगला आणि दोन्ही भाग आपापल्या वाटेने बदलत गेले, या एका गृहीतकाने नाते आणि फरक अशा दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो. प्रत्येक प्रजाती जागच्या जागी वेगळी अवतरली असे मानले, तर भेद समजेल, पण शेजारच्या डोंगरांवर सख्खी भावंडेच का, हे कोडे राहील.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हे सारे मागाहून जुळवलेले आहे. नवी प्रजाती होताना पाहिली कोणी? गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या संशोधक दांपत्याने तिची निदान सुरुवात पाहिली. १९८१ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या बेटावरून एक मोठा फिंच तिथे आला आणि स्थानिक मादीशी त्याची जोडी जमली. त्याचे वंशज बापाचे गाणे शिकले. चोच आणि गाणे दोन्ही निराळे, त्यामुळे दुसऱ्या पिढीपासून ते आपापसांतच जोड्या जमवू लागले. २०१७ मध्ये जनुकीय पुराव्यासह हे प्रसिद्ध झाले. हा वंश टिकेलच असे नाही, पण देवघेव किती लवकर तुटू शकते हे त्यातून दिसले. दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे: प्रजातींच्या सीमा जर धूसर असतील, तर प्रजाती ही केवळ आपली सोय नव्हे काय? हिवाळ्यात कोकणात येणाऱ्या हिरवट वटवट्याच्या विणीच्या प्रदेशात याचे उत्तर सापडते. तिबेटच्या पठाराभोवती त्याचे शेजारशेजारचे समूह एकमेकांत मिसळत गेलेले दिसतात, पण या कड्याची दोन टोके सायबेरियात भेटतात तेव्हा गाणी जुळत नाहीत आणि ते पक्षी सहसा जोड्या जमवत नाहीत. पुढच्या जनुकीय अभ्यासात या साखळीत पूर्वी खंडही पडल्याचे दिसले, म्हणजे चित्र सुरुवातीला वाटले त्याहून गुंतागुंतीचे आहे. पण धूसरपणा ही सिद्धांताची अडचण नाही. प्रजाती हळूहळू होत असतील, तर काही अर्ध्या वाटेवर सापडायलाच हव्यात. सगळ्या सीमा रेखीव निघाल्या असत्या तरच डार्विन अडचणीत आला असता.

हे मान्य केले तर सड्याकडे पाहण्याची नजरही बदलावी लागते. सातबाऱ्यावर कातळाची नोंद पोटखराबा अशी होते, त्यामुळे तिथे चिरेखाण काढणे किंवा कातळ फोडून, माती भरून कलमे लावणे हा निव्वळ फायदा वाटतो. बागायतदाराची गरज खोटी नाही, आणि प्रत्येक सडा अस्पर्श ठेवा असे म्हणणेही व्यवहाराला धरून नाही. पण एका सड्यावरची पाल दुसरीकडेही आहे, म्हणून हा गेला तरी चालेल, हा हिशेब चुकीचा आहे. वेगळे होण्याची शक्यता विखुरलेल्या समूहांत असते. एकच समूह उरला की प्रजाती यादीत राहते, पण ती पुढे दुभंगण्याची वाट बंद होते. म्हणून राखायचेच असतील तर एकमेकांपासून दूर असलेले अनेक सडे राखले पाहिजेत, आणि कोणते ते खाणपट्टा देण्याआधी ठरले पाहिजे.