जामीनदाराची सही

बँकेत 'सरासरी शिल्लक' हे शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकल्यामुळे माझा सरासरीवर काडीचाही विश्वास उरलेला नाही. वर्षभर कडकी असणाऱ्याच्या खात्यात एक दिवस घबाड येऊन गेले, की कागदावर सरासरी झकास दिसते!

पाऊसही हल्ली असाच वागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. आता सांताक्रूझकराने छपरावर बसून मुंबईची सरासरी काढावी! १९५० ते २०१५ चा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला, तर मध्य भारतात एकूण पाऊस घटलेला, पण दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जादा बाष्प धरते. म्हणजे ठेव मोठी आणि परतफेड एकरकमी.

नदीकाठी लाल पूररेषा असते. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटते, एकदा येऊन गेला की नव्याण्णव वर्षे सुट्टी! खरा अर्थ, दर वर्षी एक टक्का धोका. तीस वर्षांच्या गृहकर्जाला हा टक्का लावून पाहा. हप्ते फिटेपर्यंत पाणी निदान एकदा घरात येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. तीही जुन्या पावसाच्या खतावणीवरून. कृष्णाकाठच्या सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे सोळा वर्षांत तीन महापूर पाहिले.

आमचे एक शेजारी म्हणतात, "अहो, निसर्गापुढे कुणाचं चालतं?" हे वाक्य नेहमी चौथ्या मजल्यावरून येते. तळमजल्यावरचा माणूस तेव्हा गाद्या उचलत असतो.

जुनी माणसे अस्मानी आणि सुलतानी वेगळी धरीत. आता दोघांचे जॉइंट अकाउंट आहे. पाऊस वरून पडतो हे खरे. पण ओढा बुजवून त्यावर इमारत उभी करतो तो माणूसच. ओढ्याची जागा गेली म्हणून पाणी काही रद्द होत नाही, ते खालच्या आळीत जाते. कर्ज एकाने उचलायचे, फेडायचे दुसऱ्याने.

तसे आमच्याकडेही होते म्हणा. पण आम्ही जामीनदाराची निदान सही तरी घेतो. ओढा बुजवताना खालच्या आळीतल्या म्हातारीला कुणी विचारले होते?