एक पेनड्राइव्ह, दोन जबान्या

कराडच्या एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान होतं. मालकाला सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या हाताखाली आयटीआय झालेला एक पोरगा होता. हात चपळ, पण सबुरी कमी.

एके सकाळी एक निवृत्त गुरुजी आपला जुना डेस्कटॉप रिक्षातून घेऊन आले. त्यावर विंडोज १० होतं आणि त्याचा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती या मशीनमध्ये नव्हती. नवं घ्यायचं तर पेन्शनला झळ बसणार.

"गुरुजी, लिनक्स मिंट टाकून देतो," पोरगा म्हणाला. "फुकट आहे. संध्याकाळी न्या."

संध्याकाळ झाली, पण मशीन जाईना. पेनड्राइव्हवरून फायली उतरता उतरता प्रगतीची पट्टी मध्येच थांबली, माउसचा बाणसुद्धा हलेना. पोरगा म्हणाला, पेनड्राइव्ह खराब. दुसरा बनवला. या खेपेला गाडी पार शेवटाला जाऊन बसली. मग हार्ड डिस्कवर संशय. कपाटातली नवी एसएसडी जोडली, केबलही नवी घातली. तिसऱ्या खेपेला सगळं सुरळीत उतरलं, पण मशीन चालू करताच मिंटचा लोगो आला आणि तिथेच खिळला.

तिसऱ्या दिवशी पोरग्याने निकाल दिला, "अण्णा, मदरबोर्ड गेलाय. गुरुजींना नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगू."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "अडलं कुठे?"

"इन्स्टॉलेशनला."

"ते गुरुजींनाही दिसतंय. तिन्ही वेळा नेमकं कुठे, ते सांग."

पोरगा आठवून सांगत गेला आणि अण्णा बिलाच्या पाठीवर लिहीत गेले. मध्यावर. शेवटी. लोगोवर. मग कागद त्याच्यापुढे सरकवला. "रस्त्यातला खड्डा जागा बदलत नाही, पोरा. गाडी रोज नव्या ठिकाणी बसत असेल, तर रस्ता खोदण्याआधी बैल बघावा."

त्यांनी पेनड्राइव्ह पुन्हा लावला. मिंटच्या सुरुवातीच्या मेनूत पेनड्राइव्हवरच्या फायली शाबूत आहेत का, हे तपासायची सोय असते. ती चालवली. उत्तर आलं, काही फायली जुळत नाहीत. पोरगा उसळला, "बघा! पेनड्राइव्हच खराब!"

"परत चालव."

परत चालवलं. यावेळी सगळ्या फायली जुळल्या.

पोरगा गप्प झाला. अण्णा म्हणाले, "पेनड्राइव्ह तोच, फायली त्याच, आणि जबान्या दोन. मग खोटं कोण बोलतंय? पेनड्राइव्हचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचतं कुणाच्या हातून?"

"रॅमच्या," पोरगा हळूच म्हणाला.

त्याच मेनूत मेमरी तपासायचीही ओळ होती. पाऊण तासाने पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. आत रॅमच्या २ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. पोरगा दोन्ही एकदम उपसायला धावला, तसा अण्णांनी हात धरला. "एका वेळी एकच. स्लॉट तोच ठेव, पट्टी बदल."

पहिली पट्टी एकटी लावली. तपासणीची पूर्ण फेरी झाली, एकही चूक नाही. त्याच स्लॉटमध्ये दुसरी लावली आणि लाल ओळी परत आल्या. पोरग्याने तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने घासले, मळ नाहीतर धूळ असेल म्हणून. पुन्हा लावली. पुन्हा लाल. म्हणजे स्लॉट ठीक, पट्टीच गेलेली.

"पण मग रोजच्या कामात कसं चालत होतं?" पोरग्याने विचारलं.

"गुरुजी दोन पत्रं टाइप करणार. त्याला रॅम लागते किती? इन्स्टॉलेशनला दाबून भरलेल्या फायली रॅममधूनच उलगडाव्या लागतात, तेव्हा तिचा कानाकोपरा वापरात येतो. गळकं छप्पर उन्हाळ्यात कुणाला कळतं? आणि गुरुजींना फोन लावून विचार, आधी कधी अडायचं का."

गुरुजी फोनवर म्हणाले, "हो, वर्षभर मधूनमधून हँग व्हायचा. मी आपला बंद करून चालू करायचो. त्यात काय सांगायचं?"

दुकानाच्या खणातून ४ जीबीची जुनी पट्टी निघाली. ती आधी तपासली, मगच बसवली. खराब रॅममधून उतरलेल्या प्रतीवर भरवसा नको, म्हणून मिंट पुन्हा पहिल्यापासून टाकलं, तेही गुरुजींच्या जुन्याच हार्ड डिस्कवर. पंचवीस मिनिटांत काम झालं. मशीन चारदा बंद करून चालू केलं. एकदाही अडलं नाही.

नवी एसएसडी आणि केबल खोक्यात परत गेली. बिलावर एका पट्टीचे पैसे आणि मजुरी, एवढंच राहिलं. पोरगा खोकं बंद करत म्हणाला, "अण्णा, तीन दिवसांत मी जे जे बदललं, ते सगळं चांगलं होतं."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," अण्णा म्हणाले आणि नोंदींचा तो कागद त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवला.

तात्पर्य : काम जिथे अडतं, तिथेच दोष असतो असं नाही. सुटे भाग बदलणं म्हणजे तपास नव्हे. आधी नोंद करावी, मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि ज्याच्या हातून सगळ्या साक्षी येतात, त्याचीच साक्ष आधी तपासावी.