मूर्च्छा म्हणजे झोप नव्हे

दत्तभक्तहो, गुरुचरित्राच्या सप्ताहात देवाजवळ चटईवर, डाव्या कुशीवर झोपायचं, हे आपण सगळेच पाळतो. दत्तप्रभूंची निद्रा माहूरला, हेही आपल्या तोंडी असतं. पण झोप कशाला म्हणावं आणि कशाला नाही, हे मला गेल्या वर्षी सप्ताहाच्या चौथ्या दिवशी कळलं.

सौ.च्या अंगातलं सोडियम एकदम उतरलं. सकाळी हाक मारली तर गुंगीत नुसतं हूं हूं. दुपारपर्यंत तेही थांबलं. आयसीयूत ठेवलं. भेटायला येणारे म्हणत, "किती शांत झोपल्यात!" कुणी म्हणालं, "समाधीच जणू." मला राग यायचा. 35 वर्षं बँकेत जमा ती जमा आणि नावे ती नावे लिहिलेला माणूस मी. एका खात्याची रक्कम दुसऱ्यात टाकलेली खपत नाही.

आचार्यांनाही ती खपली नव्हती. फार पूर्वी प्रवचनात ऐकलेलं तेव्हा आठवलं. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यापलीकडची तुरीया. मग मूर्च्छा कुठे मांडायची? ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात तिच्यासाठी वेगळं सूत्रच आहे, आणि त्यावरचं शंकराचार्यांचं भाष्य अगदी घरगुती. झोपलेला हाताने हलवलं की उठतो. मूर्च्छित सोट्याने मारलं तरी उठत नाही. झोप श्रमाने येते, मूर्च्छा आघाताने. पण अंगात ऊब आहे, प्राण आहे, म्हणजे मेलेलाही नाही. ही अर्धी अवस्था. आमच्या भाषेत निष्क्रिय खातं: व्यवहार थांबले, पण खातं बंद नाही, शिल्लक तशीच.

त्या 'अर्धी'वर मी दोन रात्री काढल्या. भेटीच्या वेळेत तिच्या कानाशी दत्तनाम घेत राहिलो. सप्ताह मोडल्याची टोचणी होतीच.

तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. तुम्हांला वाटेल, आता ही सांगणार, नाम ऐकू येत होतं. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू! विचारलंसुद्धा. गाढ झोपेतून उठलेला निदान "छान झोप लागली, काही कळलं नाही" एवढं तरी म्हणतो, म्हणजे आत कुणी साक्षीला असतो. हिला तेवढंही आठवेना. दोन दिवस कोरेच. म्हणाली, "अहो, दुधाचे पैसे दिलेत का?"

नाम पोचल्याची पावती मिळाली नाही ती नाहीच. या वर्षी सप्ताह पुन्हा पहिल्यापासून. तोवर रोज संध्याकाळी एक अध्याय मोठ्याने वाचतो. ती ऐकायला बसते, मध्येच तिला डुलकी लागते. हाताने हलवलं की उठते.