किती स्पष्ट दिसलें म्हणजे पुरे ?

प्रश्न घरगुती आहे, आणि घरगुती प्रश्न मासिकाच्या पानांवर मांडल्याबद्दल वाचकांची प्रथम क्षमा मागणें इष्ट होय. परंतु नीतिशास्त्राचे बहुतेक प्रश्न घरांतच जन्म घेतात आणि पुढें वर्गांत आल्यावर त्यांस भारदस्त नांवें मिळतात, असा तीस वर्षांच्या अध्यापनानंतर आमचा अनुभव आहे. आमच्या जयगडच्या घरीं त्रेचाळीस इंची टीव्ही आहे, आणि त्याला आमच्या चिरंजीवांचा 'प्लेस्टेशन-५' हा खेळाचा कन्सोल जोडलेला आहे. टीव्ही 'फुल एचडी' वर्गाचा. म्हणजे त्याच्या पडद्यावर एका आडव्या ओळींत १९२० ठिपके आणि अशा ओळी १०८०, मिळून २०,७३,६०० ठिपके. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, त्याच्या जागीं 'फोर-के' टीव्ही आणावा. त्यांत ३८४० ठिपक्यांच्या २१६० ओळी असतात, म्हणजे एकूण ८२,९४,४००, बरोबर चौपट. तो आणावा कीं न आणावा ?

आमचें पहिलें उत्तर नकाराचें होतें, आणि तें देतांना आम्हीं जो युक्तिवाद केला तो आमच्या वयाच्या बहुतेक बापांस तोंडपाठ असतो. १९८७ सालीं आम्ही महाविद्यालयांत असतां रत्नागिरीस मामांच्या घरीं रविवारीं सकाळीं 'रामायण' पाहण्यास जात असूं. टीव्ही काळा-पांढरा, दूरदर्शनचें चित्र ६२५ रेघांचें, आणि वारा सुटला कीं कौलांवरील अँटेना फिरून रामलक्ष्मणांच्या अंगावर बर्फ पडूं लागे. तेव्हां कोणी तरी छपरावर चढे, आणि खालून 'आलें, आलें, गेलें' असा गजर होई. शेजारपाजारच्या तीस माणसांनीं भरलेल्या त्या खोलींत चित्र अस्पष्ट आहे अशी तक्रार कोणीं केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. यावरून आम्हीं अनुमान काढलें कीं, चित्राच्या स्पष्टतेचा आणि आनंदाचा कांहीं संबंध नाहीं.

अनुमान ऐकावयास बरें वाटतें; पण तें सदोष आहे, हें आम्हांस दुसऱ्याच दिवशीं आमच्याच डोळ्यानें शिकविलें. गतवर्षीं आमच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. तत्पूर्वीं दोन वर्षें आम्हांस उत्तम दिसतें अशी आमची खात्री होती, आणि डॉक्टरांकडे चला म्हणणाऱ्या सौभाग्यवतींशीं आम्ही त्याबद्दल वादहि घालीत असूं. पट्टी निघाली आणि दुसऱ्या दिवशीं ओसरीवर येऊन पाहतों, तों खाडीपलीकडे तवसाळच्या किनाऱ्यावरील माडांच्या झावळ्या एकीपासून एक वेगळ्या दिसत होत्या. आमचें पूर्वीचें समाधान हें समाधान नव्हतें. काय गमावलें आहे याचें तें केवळ अज्ञान होतें. मग १९८७ सालच्या त्या तीस माणसांचें समाधान तरी निराळ्या जातीचें होतें असें कशावरून ? ज्यानें अधिक चांगलें पाहिलेंच नाहीं, त्याची तृप्ति ही संयमाची साक्ष म्हणून पुढें करतां येत नाहीं.

तेव्हां आम्ही गणिताकडे वळलों. निकोप डोळ्यास दोन बिंदू वेगळे दिसण्यास त्यांच्यांत साधारणपणें अंशाच्या साठाव्या भागाएवढें, म्हणजे आपल्या ज्योतिर्गणितांतील एका कलेएवढें, अंतर असावें लागतें. त्याहून कमी असेल तर दोहोंचा एक होतो. त्रेचाळीस इंची टीव्हीचा पडदा सुमारें साडेसदतीस इंच रुंद असतो. त्यास १९२० नीं भागलें असतां एक ठिपका इंचाच्या पन्नासाव्या भागाएवढा येतो, आणि हा ठिपका सुमारें साडेपांच फुटांवरून एका कलेएवढा दिसतो. त्यापलीकडे बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ठिपके आपोआप मिसळून जातात. त्यांचे आणखी चार तुकडे केले तरी डोळ्यास त्याची वार्ताहि लागत नाहीं. आम्हीं फीत आणून मोजलें. आमचा झोपाळा पडद्यापासून दहा फुटांवर आहे. निकाल लागला. जें दिसणारच नाहीं त्यासाठीं पैसे मोजणें हा अविवेक होय, असें आम्हीं चिरंजीवांस सांगितलें आणि शांत मनानें उत्तरपत्रिका तपासावयास बसलों.

चिरंजीवांनीं गणित तपासलें. त्यांत चूक नव्हती. मग ते म्हणाले, "बाबा, पण झोपाळ्यावर तुम्ही बसतां. मी कुठें बसतों ?"

ते जमिनीवर, तक्क्याला टेकून, पडद्यापासून चार फुटांवर बसतात. गेलीं तीन वर्षें रोज संध्याकाळीं ते तेथें बसलेले आम्हीं पाहिले आहेत. आणि तरीहि त्यांच्या मागणीचा निवाडा करण्यासाठीं आम्हीं फीत आमच्या आसनापासून लावली होती. चार फुटांवरून तोच ठिपका दीड कलेच्या आसपास दिसतो, म्हणजे डोळ्यास सहज टोंचतो. नकार देण्याचा आम्हांस अधिकार होता. परंतु त्यास दिसत नाहीं असें आम्हीं म्हटलें होतें, आणि तें खोटें होतें.

या ठिकाणीं जॉन स्टुअर्ट मिल्लची आठवण होणें अपरिहार्य आहे. १८६३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालेल्या 'युटिलिटेरियनिझम'मध्यें त्यानें एक कसोटी सांगितली आहे. दोन सुखांपैकीं श्रेष्ठ कोणतें हें ज्यानें दोन्ही अनुभवलीं आहेत त्यालाच विचारावें. एकच अनुभवणारा न्यायाधीश होण्यास अपात्र. ही कसोटी आम्ही दरवर्षीं वर्गांत शिकवितों, आणि ती सांगतांना काव्याचें सुख व खाण्यापिण्याचें सुख हीं उदाहरणें घेऊन स्वतःस नकळत न्यायासनावर बसवितों. प्रस्तुत प्रकरणीं मात्र दोन्ही पडदे पाहिलेले चिरंजीव आहेत. रत्नागिरीच्या मित्राकडे त्यांनीं दुसरा पाहिला आहे. आम्हीं एकच पाहिला आहे. मिल्लच्या न्यायालयांत आमची साक्षहि घेतली गेली नसती.

मग आम्हीहि पात्र होण्यासाठीं रत्नागिरीच्या एका दुकानांत गेलों. तेथें भिंतभर टीव्ही एकाच वेळीं भडक उजेडांत चालू होते, आणि गिऱ्हाईक त्यांच्यासमोर दोन-तीन फुटांवर उभें राहील अशी व्यवस्था होती. प्रत्येकावर ठिपक्यांचा आंकडा ठळक छापलेला. परंतु रात्रीच्या देखाव्यांत काळा रंग कितपत काळा दिसतो, बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंत किती वेळ जातो, या गोष्टी कोठें छापलेल्या नव्हत्या. आणि खेळणाऱ्याचें सुखदुःख तर त्यांवरच अधिक अवलंबून, असें चिरंजीव सांगत होते. कन्सोलवरील अनेक खेळांत निवडच करावी लागते म्हणे : चित्र अधिक सूक्ष्म हवें असेल तर सेकंदास तीस चित्रें, हालचाल अधिक सफाईदार हवी असेल तर साठ. चिरंजीव साठ घेतात. म्हणजे केवळ आंकड्याचा मोह त्यांस नव्हता. तो आम्हांसच होता, कारण वाद आम्हीं आंकड्यावरच लढविला होता. जें मोजतां येतें तें मोठ्या अक्षरांत लिहावयाचें आणि जें मोजण्यास कठीण तें गाळावयाचें, ही दुकानदाराची रीत आम्हांस नवी वाटावयास नको होती. मुलांच्या गुणपत्रिकांवर आम्ही जन्मभर तिलाच सह्या करीत आलों आहों.

यावर कोणी ययातीची कथा पुढें करील. पुरूचें तारुण्य घेऊन सहस्र वर्षें भोग भोगले तरी तृप्ति झाली नाहीं. मग आज 'फोर-के' दिला तर उद्यां 'एट-के' मागणार नाहीं कशावरून? तसा टीव्ही बाजारांत आहेच, आणि त्याचे ठिपके ३,३१,७७,६०० भरतात. शंका रास्त आहे. परंतु ययातीची वासना आणि ही मागणी यांत एक भेद आहे. त्रेचाळीस इंची 'फोर-के' पडद्याचे ठिपके पावणेतीन फुटांपलीकडे मिसळून जातात. चार फुटांवर बसणाऱ्यास त्याहून सूक्ष्म पडदा दिला तरी तो निरुपयोगी. या सुखाला डोळ्यानेंच मर्यादा घातली आहे, आणि ती फितीनें मोजतां येते. पैसा, मान, अधिकार यांच्या बाबतींत 'पुरे' म्हणणारें असें इंद्रिय माणसास मिळालेलें नाहीं. ययाति येथें शिरतो तो दुसऱ्या दारानें, म्हणजे पडद्याच्या आकाराच्या दारानें : त्रेचाळीसाचे पंचावन्न, पंचावन्नाचे पासष्ट, मग पुन्हां ठिपके मोठे, पुन्हां असमाधान. म्हणून आम्हीं ठरविलें कीं, विचार करावयाचा तो त्रेचाळीस इंचांचाच.

राहिला पैशाचा विचार. आमचें घर जांभ्याचें, कौलारू. मागल्या पडवीचे वांसे यंदा बदलणें प्राप्त आहे, आणि मृगापूर्वीं घर शाकारून घेतलें नाहीं तर काय होतें हें कोंकणांतल्या माणसास सांगावयास नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हें दुकानदारानें आम्हांस दोनदां सांगितलें. परंतु वस्तु स्वस्त झाल्यानें तिची गरज वाढत नाहीं. शिवाय जयगडांत राहणाऱ्या माणसास विजेचा उगम विसरतां येत नाहीं. येथील १२०० मेगावॅटचें वीजकेंद्र जहाजांनीं येणाऱ्या कोळशावर चालतें. दूरच्या शहरांत दिवा लागतो तेव्हां तो कोठून लागला हें कोणास दिसत नाहीं, आम्हांस दिसतें. एका टीव्हीनें त्यांत केवढा फरक पडणार, हें खरें. तरी चालती वस्तु टाकून दुसरी घेणें हें ज्याच्या मनास थोडेंहि टोंचत नाहीं, त्याच्या मनावर मोतीबिंदु आला आहे असें आम्ही समजतों. जुना टीव्ही टाकावयाचा नाहीं, मातोश्रींच्या खोलींत न्यावयाचा, असें यावर ठरलें; त्यांची खाट पडद्यापासून आठ फुटांवर येते, म्हणजे गणित त्यांच्या बाजूनें आहे.

येथवर सर्व विचार सुसंगत झाला. परंतु एक गोष्ट आम्हीं हिशेबांत घेतली नव्हती, आणि तीच खरी होती. चिरंजीव येत्या जुलईंत पुण्यास शिकावयास जाणार. वांसे आधीं बदलावयाचे, तर टीव्ही दिवाळीस येणार. म्हणजे ज्याच्यासाठीं घ्यावयाचा तोच घरीं नसणार. असें असतां आमचें मन दिवाळीच्या खरेदीस इतक्या सहज कां तयार झालें ? विचार करतां आढळलें कीं, आम्ही चित्राची सूक्ष्मता विकत घेत नव्हतों. मुलानें सुट्टींत जयगडास यावें म्हणून आमिष विकत घेत होतों. दिवसभर युक्तिवाद न्यायाचा केला आणि तळाशीं होता तो स्वार्थ. मुलावर प्रेम करणें हा दोष नव्हे; परंतु त्यास दान म्हणून देऊन मनांत तें सावकाराप्रमाणें मांडून ठेवणें, हा दोष खराच. आम्हीं तें चिरंजीवांस सांगून टाकलें. तें सांगणें आम्हांस वर्गांत मिल्ल सांगण्याइतकें सोपें गेलें नाहीं.

ते थोडे हंसले आणि म्हणाले, "मी दिवाळीला येणारच आहे. टीव्ही नाहीं आणलात तरी चालेल. पण एकदां इथें खालीं बसून बघा तरी."

आम्ही बसलों. त्यांनीं दुसरा कंट्रोलर आमच्या हातीं दिला. मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता. चार फुटांवरून कुंपणाची तार सरळ न दिसतां पायऱ्या-पायऱ्यांनीं तुटलेली दिसत होती. मुलाची तक्रार अक्षरशः खरी होती. पुढें आमची मोटार तीन वेळां त्याच कुंपणावर आदळली, आणि मग तारेकडे लक्ष राहिलें नाहीं.

निर्णय असा झाला : वांसे आधीं; टीव्ही दिवाळीस, तोच त्रेचाळीस इंची, आणि तो चिरंजीव यावेत म्हणून नव्हे, तर त्यांची मागणी खरी होती म्हणून. हे दोन हेतु एकमेकांपासून कितपत वेगळे राहतील, याची हमी आम्ही देत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा प्रश्न निघेल, त्यांनीं फीत अवश्य आणावी. परंतु ती कोणाच्या बसण्याच्या जागेपासून लावावयाची, तें आधीं विचारून घ्यावें.